दोन बोटं उंच

आधी सगळ्यांनी लाटण्यालाच दोष दिला.
एकतीस वर्षं उभी आहे या मेजासमोर,
बोलोन्यातल्या कमानींच्या गल्लीत,
एका अंड्याला शंभर ग्रॅम पीठ,
लाटणं माझ्या हाताहून लांब.
पाठ दुखायचीच, म्हणाली मालकीण,
तिची दुखत होती, तिच्या आईची दुखत होती.
शेक घेतला. पट्टा बांधला.
पहाटे दुखणं माझ्याआधी जागं व्हायचं.

मग एके दिवशी डावा पाय
जिना विसरला.

मणक्यात गाठ.
डॉक्टर झाक्केरोनींनी तिचं नाव सांगितलं,
चर्चमध्ये ऐकलं असतं तर मी गुडघे टेकले असते.
तार्चीझिओनं टोपी काढली, घातली,
पुन्हा काढली.

"अख्खा मणका काढायचा,
गाठीला सुरी न लागू देता.
त्याच्या जागी हा."
तळहातावर टायटॅनियमचा तुकडा,
पाव मोडल्यावर आत दिसतो तसा जाळीदार,
जर्दाळूएवढा.
भुकटी पसरायची, किरणानं वितळवायची,
वर पुन्हा भुकटी, पुन्हा किरण, थरावर थर;
या भोकांतून तुमचं हाड आत शिरेल.
मी विचारलं, भुकटी चाळून घेता ना?
ते हसले नाहीत. म्हणाले, हो, चाळतात.
तेवढ्यावर मी सही केली.

अकरा तास.
मला त्यातलं काहीच ठाऊक नाही.
तार्चीझिओला आहे; तो सांगत नाही.
कॉफीच्या यंत्रात किती नाणी घातली
तेवढंच सांगतो: सतरा.

नर्सनं चादरीखाली पायाचं एक बोट धरलं.
कुठलं?
मधलं, म्हटलं.
ती धावत कुणाला तरी सांगायला गेली.

रडले मी फार नंतर, घरी,
पलंगाखाली सरकलेल्या एका चपलेपायी.
बुटांची नाडी अजून तोच बांधतो,
दर वेळी जास्त घट्ट.

मग चालणं. एक खांब.
दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एकही नाही.
न्हाव्याच्या दुकानापर्यंत नऊ,
तिथे एक खुर्ची कायम बाहेर काढलेली,
कोणासाठी ते न्हावी बोलला नाही.

मार्चमध्ये कामावर गेले
तर मेज खाली गेलेलं.
ओरिएत्तानं दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं:
मेज तिथेच होतं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी मी
दोन बोटं उंच झाले होते.
तार्चीझिओनं पायांखाली ठोकळे ठोकले,
एक जरा आखूड,
पीठ मळताना मेज मान हलवतं.

पहिली पोळी खिडकीसमोर धरली.
आरपार गल्ली दिसली पाहिजे.
दिसली: न्हावी, एक सायकल,
मग मधोमध फाटली.
फाटलेलीचे आम्ही वेडेवाकडे तुकडे करतो,
राजम्याच्या सुपात सोडतो.
लोक मुद्दाम मागून घेतात.

मंगळवारी स्कॅन. दर सहा महिन्यांनी.
त्या नळीत निजून मी अंडी मोजते,
डझनानं, न फोडता.

आज बारांचं पीठ होतं.
आठच कर, म्हणाली मालकीण.
दहा फोडली.