उरलेला बोल्ट

तीन शनिवार गेले.
हेल्दुरच्या बटाट्यांच्या कोठारात, एका पिवळ्या बल्बखाली
मी इंजिनाचं डोकं उतरवलं, गॅस्केट बदललं,
डोकं पुन्हा चढवलं, मधून कडेला, ठरल्या क्रमाने,
पाना टक् म्हणेस्तोवर.
गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा
माझ्या दीड पगाराचा होता.

पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली.
मी कोठारात एकटीच नाचले, ग्रीस लागल्या हातांनी.
मग काट्यांमागे तो नारिंगी दिवा लागला
आणि विझेना.

हेल्दुरने स्कॅनर आणला, बिस्किटांच्या डब्यातून,
एका अटीवर: तो नुसता बघणार.
त्याच्या गुडघ्यांना तसंही वाकणं मानवत नव्हतं.

पी शून्य तीन चार शून्य. कॅमशाफ्ट कुठे आहे ते कळत नाही.
पी शून्य एक एक आठ. पाणी उणे चाळीस अंशांवर आहे
असं गाडीचं म्हणणं; त्याच क्षणी रेडिएटरवर
माझा चहाचा मग गरम राहत होता.
पी शून्य एक तीन पाच.
आणि चौथा, जो कधी असे, कधी नसे.
चार तक्रारी चार गल्ल्यांतल्या,
एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं:
नवी वस्तू आणली. आधी कॅमचा सेन्सर, स्वस्तातला,
मग तापमानाचा. कोड पुसले. दिवा विझला.
तार्तूच्या वाटेवर, दुसऱ्या बसथांब्यापाशी,
परत लागला.

वॉर्डात नव्या मुलींना मीच शिकवते,
दुखतं तिथे दुखणं असतंच असं नाही.
उजवा खांदा धरून आलेल्या बाईचं
पित्ताशय निघतं.
आणि इथे मी
खांद्यामागून खांदे बदलत बसले होते.

"चारही एकदम कशा बिघडतील, लाग्ले?"
हेल्दुर बटाट्याच्या पोत्यावर बसून म्हणाला.
"चौघींत सामाईक काय?"

तेव्हा मी कोटाच्या खिशातून तो काढला.
दहाचा बोल्ट. पहिल्या शनिवारपासून खिशात होता,
पेरूच्या बीसारखा दातात अडकल्यागत.
म्हटलं, जास्तीचा असेल.
"कारखाना," तो म्हणाला, "जास्तीचं काही देत नाही."

इंजिन चालू. हेडलाइट चालू.
मल्टिमीटरची काळी टोचणी बॅटरीच्या उण्यावर,
तांबडी इंजिनाच्या डोक्यावर.
तिथे जवळजवळ शून्य हवं.
एक पूर्णांक आठ.

मग आरसा, टॉर्च, आणि उताणं पडून पाठ गारठेपर्यंत शोध.
भिंत आणि डोक्याच्या सांदीत
एक वेणीसारखी विणलेली पट्टी
एका टोकाने लोंबत होती.
मीच सोडलेली. हात घालायला अडचण होत होती म्हणून.

सगळ्यांचं म्हणणं खरं होतं,
फक्त त्यातल्या कशालाच अर्थ लागलेला नव्हता.

बोल्ट लावला. घासून, चकचकीत करून, मगच लावला.
चारातले तीन गेले.
कॅमशाफ्टचा राहिला, हट्टी,
आणि हेल्दुर काही न बोलता कचऱ्याच्या बादलीकडे बघत राहिला,
जिथे मी टाकला होता
तो जुना सेन्सर, वीस वर्षांचा,
अंड्यांच्या टरफलांखाली.

धुतला. पुसला. स्वस्तातला काढून तोच परत बसवला.

सोमवारी सकाळची पाळी. दुसरा थांबा गेला, तिसरा गेला.
काट्यांमागे अंधार होता, साधा, हवा तसा.
तरी हात सारखा खिशात जात होता,
काही उरलं तर नाही ना ते बघायला.