गिरमिट

कमरेच्या हाडात सुई फिरत असताना
ह्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं,
"किती नंबरचं गिरमिट ह्या?"
त्या हसल्या. मी दाराबाहेर, चपलांपाशी,
मुठीत एसटीची दोन तिकिटं.

वर्षभर पाठ दुखत होती.
आम्ही म्हटलं, फळ्या उचलून.
उंडीचं तेल चोळलं, पट्टे बांधले,
आणि एका सकाळी वाकस उचलताना
मणका बसला. आवाजसुद्धा झाला नाही.

गुणाजी मेस्त. वेंगुर्ल्याच्या खाडीवर एकसष्ट होड्या.
फळीवर हातोडीचा दांडा आपटून सांगायचे
कीड कुठवर गेलीय.
त्या रात्री स्वतःच्या बरगडीवर बोटं वाजवून पाहिली.
"कायच ऐकाक येणा नाय," म्हणाले.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं:
मज्जेतली एक पेशी बिघडते,
आपल्याच वाणाच्या लाखो करते,
सगळ्या मिळून एकच बिनकामाचं प्रथिन ओततात.
मूत्रपिंडात गाळ, हाडांना भोकं.
"आणि तुमच्यात सतराव्या गुणसूत्राचा
आखूड हात तुटलाय. म्हणून धोका जास्त."
आखूड हात.
मी आपली ह्यांच्या हातांकडे बघत राहिले.

"मग किडकी फळी काढून टाका."
"फळी नाही हो मेस्त,
लाकूड येतं ते रानच."

चार औषधं, एकदम, पहिल्या दिवसापासून.
हळूहळू वाढवायला हा आजार वेळ देत नाही.
आठवड्याला पोटात सुई,
पहाटेची गाडी, बांबोळी, दुपारचा डबा बाकावर.
बोटांची टोकं बधिर,
खिळा धरलाय की नुसती हवा, कळेना.
गोळ्यांच्या रात्री झोप नाही,
दोन वाजता पडवीत पटाशा पाजळत बसायचे,
ज्यांना आता काम नव्हतं.

दिवाळीनंतर ह्यांच्याच पेशी काढून गोठवल्या,
आतलं उरलंसुरलं जाळलं
आणि त्याच परत सोडल्या.
माझ्या माहेरी राब भाजून तरवा पेरतात,
मला तेवढं एक समजलं.
एकवीस दिवस काचेपलीकडे.
केस गेल्यावर ते मला
त्यांच्या आईसारखे दिसायला लागले.

आता रिपोर्टात ते प्रथिन दिसत नाही.
"म्हणजे बरे झाले?"
"दिसत नाही, एवढंच म्हणाले मी."
औषध चालूच राहणार.
दिनदर्शिकेवर अष्टमीच्या भांगाशेजारी
मी सुईचे दिवस लिहिते.
उधाण कधी, ते तिथी सांगते.
हे कधी उलटेल, त्याला तिथी नाही.

काल नवाबागचा पास्कू फर्नांडिस आला,
बत्तीस फुटी होडी हवी,
इसाराचे पैसे टेबलावर ठेवले.
होडीला चौदा महिने लागतात.
हे बोलले नाहीत. खाडीकडे बघत होते,
मग माझ्याकडे.

मी नोटा मोजल्या, दोनदा,
आणि फायलीत ठेवल्या,
रक्ताच्या कागदांच्या मागे.