पहिला काप

तराजूत ठेवताना मोतालेब म्हणाला,
"मिष्टी कुमडा, दीदी. इथलीच माती."
इथली माती म्हणजे वाळू, शेणखत
आणि नळीतून थेंब थेंब मोजलेलं पाणी.
अल खोरच्या शेतबाजारात डिसेंबरात
सकाळी नऊपर्यंत स्वेटर लागतो,
मग त्याची लाज वाटते.

चार किलो दोनशे.
देठ वाळून लाकूड झालेला.
गाडीत पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला,
नाहीतर ती घंटी वाजतच राहते
कुणीतरी बसलंय म्हणून.

श्रीरंग रिगवर. गुरुवारी येणार होता.
गुरुवारी धुकं.
शुक्रवारी धुकं.
हेलिकॉप्टर पाण्याच्या अलीकडे, माणसं पलीकडे,
आणि ओट्यावर भोपळा,
पानं मांडायच्या आधीच येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.

जतहून सासूबाई फोनवर:
"अख्खा भोपळा बाईनं फोडू नये बघ.
पहिला काप गड्यामाणसाचा. मग तू काय हवं ते कर."
"का?"
"का म्हणजे? तसं नसतंय.
शेजारचं एखादं पोरगं बोलीव."

शेजारी तीन मल्याळी नर्स, रात्रपाळी करून झोपलेल्या.
खालचा चौकीदार गुलरेज जुम्म्याच्या नमाजाला,
तिथून भावाकडे. येणार थेट रात्री.

आणि धान्य तर आदल्या रात्रीच भिजत घातलेलं:
बॅगेतून आलेला जतचा शाळू,
आणि हरीसचा गहू, सोललेला, पांढरट, इथल्या दुकानातला.
गहू फुगून झाकणाला टेकला होता,
शाळू अजून आपल्याच तोऱ्यात.
दुपारी पातेल्याचा वास किंचित बदलला.
धान्याला धुक्याचं कारण सांगता येत नाही.

कुकरच्या नऊ शिट्ट्या.
कांदा, शेंगदाणे, सासूबाईंचंच काळं तिखट,
आणि इथलं ते वाळकं काळं लिंबू,
हलवलं की खुळखुळतं,
फोडलं की जुन्या औषधी दुकानाचा वास येतो.
सगळं तयार.
भांडं तेवढं बंद.

मी गणितात भोपळा मिळवलेली मुलगी.
बाईंनी तो लाल शाईनं काढला होता, वर देठासकट.
बाबांनी खाली सही केली, बोलले काहीच नाहीत.

विळी बॅगेत बसली नव्हती.
पाच रियालची सुरी देठाशेजारी टेकवली.
घसरली. पुन्हा टेकवली.
मग लाटण्यानं सुरीच्या पाठीवर एक,
दोन,
तिसऱ्याला आत गेली आणि अडकली.

तेवढ्यात श्रीरंगचा फोन.
"विरळ होतंय म्हणतात. कदाचित उद्या."
"बरं," म्हटलं.
सुरी उभी, माझा हात मुठीवर.
तेव्हा थांबता आलं असतं.

टोपी निघाली करकरत.
आत ओले धागे, आणि बिया
दाटीवाटीनं, एकमेकींना धरून.
काही झालं नाही. फ्रिज नेहमीसारखा गुरगुरला.
चमच्यानं कोरलं, मीठ चोळलं, दाबून भरलं,
टोपी परत बसवली, जरा वाकडी.

दीड तास.
ओव्हनच्या काचेआड तो काळवंडत गेला,
कडेनं पाक सोडत.
खिडकीबाहेर रास लफानची ज्योत,
धुक्यात नुसता हळदीचा डाग.

रात्री सासूबाई: "कुणी कापला?"
"गुलरेजनं."
"कोण तो?"
"खालचा."
"हाताचा बरा आहे का?"
"चांगला आहे."

अर्धा श्रीरंगसाठी झाकून ठेवला.
एक फाक ताटलीत घेऊन खाली गेले,
नाव उसनं घेतलं होतं, त्याचं व्याज.
गुलरेजनं गहू ओळखला, शाळू विचारला.
मी सगळं सांगून टाकलं.
तो बराच वेळ चावत राहिला,
शाळू चावावाच लागतो,
मग ताटली परत देताना म्हणाला,
पण ताई, कापला मात्र मी झकास.