थांबा लागत नाही

जॉन्सटाउनला शुक्रवारी रात्री मी मैदानाच्या कडेला उभी असते,
हात काखेत खुपसून.
गार हात लागला की पोरांचे स्नायू आखडतात
आणि आखडलेला गुडघा खोटं बोलतो,
हे यानोस्को सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
काखेत कळसा म्हणतात; मी काखेत हात घेऊन
अर्ध्या पृथ्वीला वळसा घातला.

आधी पाच वर्षं टोलेडोत. हातोडा, ड्रिल, करवत.
रात्री दोनला कुणीतरी विचारायचं, सिस्टर, डॉक्टर कधी येणार?
आलेत, म्हणायचे मी.
आता हे वर्ष फेलोशिपचं:
पेन्सिलीएवढी दुर्बीण गुडघ्यात, डोळे पडद्यावर.
"हाताकडे बघू नकोस," सर गुरगुरतात,
"जेवताना बघतेस का?"
बघते, सर. मी हातानं जेवते.
(हे मनात.)

तिसऱ्या क्वार्टरमध्ये सतरा नंबर पडला.
धक्का कुणाचा नाही. नुसती हुलकावणी दिली,
वरचा पोरगा वळला, पाय राहिला तिथंच.
बँड वाजतच होता.
मी गवतात बसले. एक हात मांडीवर, एक पोटरीमागे,
नडगी हलकेच पुढे ओढली.
धडक्या गुडघ्यात टक्क करून थांबा लागतो,
दाव्याच्या टोकाला जनावर थांबतं तसा.
इथे लागत नाही.
पुढे, अजून पुढे, भिजल्या कणकेत बोट जावं तसं.

मला हे हात लावायच्या आधीच कळलं होतं.
इस्लामपूर, खांबाजवळ, शेवटचा डाव,
'खो' ऐकला आणि मी उलटी वळले.
आवाज आतून आला, वाळकी शेंग फुटल्यासारखा.
डॉक्टर म्हणाले, चालता येतंय ना?
मुलीला आणखी काय करायचंय?
जिना उतरताना अजून डावा पाय आधी टाकते मी.

"पुढच्या शुक्रवारी खेळेन ना?"
हेल्मेट काढलं की किती लहान दिसतात ही पोरं.
आई कुंपणापाशी, जाकिटाची चेन दातांत धरून.
नऊ महिने, मी सांगते.
तो बोटांवर मोजतो. सीझन संपतो, शाळा संपते,
एक बोट उरतं.

मंगळवारी त्याच्याच मांडीतली शीर काढून दोरी वळायची,
टोकं शिवायची, हाडातल्या बोगद्यातून ओढून घ्यायची.
टाके तू घाल, सर म्हणालेत. एकटीनं.
रात्रीचा दीड. स्वयंपाकघरात सुतळी घेऊन बसलेय,
एक टोक टेबलाच्या पायाला.
ओढते. थांबा लागतो.
पुन्हा ओढते.