विनातिकीट

एकतीस वर्षं सातारा डेपोत
लोकांची तिकिटं फाडली.
आता रात्री जेवण झालं की
चंदेरी पट्टीतून एक गोळी फोडतो, स्वतःच्या नावची.
टक् आवाज होतो,
थेट माझ्या जुन्या पंचासारखा.
शालन आतूनच विचारते,
"मास्तर, झालं का बुकिंग?"

साबळे ड्रायव्हर काडीपैलवान.
पट्ट्याला खिळ्यानं जादा भोकं पाडायचा.
मेढ्याच्या मुक्कामी गाडीत मागच्या सीटवर झोपला,
सकाळी मीच हलवला त्याला,
"उठा, पावणेसहा झाले."

चरबी पोटावरच दिसते असं नाही,
हे मला तेव्हा कळलं नाही.
नऊ वर्षांनी कळलं,
डॉक्टर शेडगेबाईंनी कागद सरकवला तेव्हा :
वाईट कोलेस्टेरॉल एकशे ब्याण्णव.
म्हटलं, बाई, एवढी माणसं तर जत्रेच्या गाडीतही कोंबली नाहीत मी.
बाई हसल्या नाहीत.

मग बिडी सुटली.
गणपतीत फोडलेला तेलाचा डबा
दिवाळीआधीच तळ दाखवायचा,
तो संक्रांत गाठू लागला.
रविवारच्या रश्शावरचा तवंग
शालन पळीनं काढते, मी दुसरीकडे बघतो.
पहाटे चार भिंतीपर्यंत चढतो.
पहिल्या आठवड्यात अर्ध्यातच दगडावर बसलो
आणि खालच्या स्टँडवरचा भोंगा ऐकून
उगाच उठून उभा राहिलो.

तीन महिन्यांनी आकडा अठ्ठ्याण्णव.
राजवाड्यापाशी पाव किलो कंदी पेढे घेतले
आणि गोळी बंद केली.
पट्टी मात्र रोज फोडायचो,
शालनला आवाज जावा म्हणून.
गोळी मोरीत.

दिवाळीनंतर पुन्हा रक्त दिलं.
शेडगेबाई कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे,
आणि मला कुडाळची ती म्हातारी आठवली,
जी घडी घातलेलं कालचं तिकीट
आजच्या गाडीत पुढं करायची,
"हे काय, हाय की" म्हणायची.
तिला मी भर उन्हात खाली उतरवलं होतं.

बाई म्हणाल्या, आकडा गोळीनं खाली धरलेला असतो,
सोडली की वर येतो.
पाय दुखले तर मला सांगा,
परस्पर ठरवू नका.
दंड काहीच केला नाही.

आता शालनचा आवाजावर विश्वास नाही.
तांब्या घेऊन समोर उभी राहते
घोट खाली उतरेपर्यंत.
मग तांब्यावर दोन टिचक्या मारते.
डबल बेल.