घसा धरलाय फक्त

नव्या व्हेरियंटचं नाव
स्कूटरच्या नंबरप्लेटसारखं आहे:
दोन अक्षरं, मग आकडे, मध्येच एक टिंब.
पेपरात ते तीनदा वाचलं
आणि पुड्या बांधायला तोच पेपर फाडला.

वाळपईच्या बाजारात, बसस्टँडला लागून, माझं औषधांचं दुकान.
काउंटरवर ते नाव कोणी घेत नाही.
शेवंता गावडे म्हणते, आंबे जास्त झाले.
मास्तर म्हणतात, पंख्याखाली झोपलो.
खोतोड्याच्या बसचा कंडक्टर बोलतच नाही,
गळ्याला हात लावतो, दोन बोटं उभी करतो.
सगळ्यांचा घसा धरलाय. फक्त घसा.
मी गोळ्या मोजते
आणि त्यांनी दिलेली नोट
जरा कडेने धरते.

डॉक्टर म्हणाले, ह्या खेपेला वास जात नाही.
गिळताना ब्लेडचं पातं उतरल्यासारखं होतं,
आवाज बसतो, पोट बिघडतं,
ताप असेल, नसेलही.
सौम्य आहे, म्हणाले.
हे सांगताना मास्क मात्र
नाकावर नीट ओढून घेतला.

त्या वर्षी वास गेला होता.

पुनो माजीकची भट्टी नाणूसच्या चढणीला.
थेंबभर उर्राक तळहातावर चोळला
की बोंडू कुठल्या उतारावरचे ते सांगायचा.
त्या मे महिन्यात त्याने वाफेत तोंड घातलं
आणि काहीच नाही.
पाणी झालं म्हणाला, रस नासला,
तीन भाणांचा उर्राक ओहोळात ओतून दिला.
खालच्या वाड्यावरची गुरं
त्या पाण्याला तोंड लावीनात,
तेव्हा त्याच्या बायकोला कळलं
की उर्राक धडधाकट होता.
आठव्या दिवशी तिलाच बांबोळीला न्यावं लागलं.
ॲम्ब्युलन्सच्या मागच्या काचेतून ती काहीतरी सांगत होती,
भट्टीचंच असावं,
पुनो अजून म्हणतो, भट्टीचंच असावं.

त्याचं नाक पुरतं परत आलं नाही.
आता सून हुंगते, तो बुडबुडे मोजतो.

आज दुपारी तो आला,
तोंडाला पंचा बांधलेला. अख्ख्या बाजारात त्याचाच एकट्याचा.
‘घसो धरला,’ म्हणाला. दोन पाकिटं मागितली.
मग पिशवीतून बाटली काढून काउंटरवर ठेवली.
हंगामातला शेवटचा. सून म्हणते बरा आहे,
पण कालपासून तिचाही घसा धरलाय,
तिच्या नाकाचं खरं कसं मानू?
‘तूं पळय. वास येता?’

खालच्या खणात टेस्टचं एक किट आहे,
मुदत संपून दोन वर्षं झालेलं.
सकाळी मी ते बाहेर काढलं होतं,
तारीख वाचली, परत ठेवलं.
का काढलं ते घरी सांगितलेलं नाही.

हुंगायचं तर मास्क खाली घ्यायला हवा.
पुनोला ते माझ्या आधी सुचलं.
तो मागे सरकत पायरीवर गेला, तिथून उन्हात,
आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला,
एखादी बाई कपडे बदलत असावी तसा.

बूच काढलं.
आला.
पिकून फुटलेले बोंडू, लाकडाचा धूर,
तांब्याची चव जिभेच्या मुळाशी,
आणि मग इतका तिखट
की डोळ्यांना पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

‘येता,’ मी म्हटलं.
शब्द फुटलाच नाही.
खाकरून पुन्हा म्हटलं, तो चिरकून आला.

पुनो वळला.
उर्राकाबद्दल काही विचारलं नाही.
पायरी चढून आला, पैसे ठेवले,
दोन पाकिटांतलं एक उचललं
आणि दुसरं, बोटाच्या टोकाने,
माझ्याकडे सरकवलं.