एक तास मागे

ताइस्तोला स्पेन हवं होतं,
लिंबाची झाडं, उघडे पाय.
मी म्हटलं, परदेशच ना? मग पूल ओलांडू.

हापारांडात पाव गोडसर लागतो,
पोस्टमन आडनावाशी अडखळतो,
तेवढं परकेपण मला पुरतं.
खिडकीतून नदीपार, तोर्निओतलं आमचं धुराडं दिसतं;
धूर आता दुसऱ्यांचा.

ताइस्तो रुसलेला. स्वयंपाकघरातलं घड्याळ
त्यानं मागे केलंच नाही.
तिकडच्या आठला कॉफी,
इकडच्या आठला पुन्हा.

रविवारी मी बहिणीकडे जाते, बर्फात
काठी टेकत. तिच्याकडून पाचला निघते,
घरी पोचते साडेचारला.
दारात ताइस्तो, हातात माझा कप:
"अगं, तू तर अजून निघालीसुद्धा नाहीस."